सगळं एका फाइलीत, ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र बाहेर

लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या संगणकावर नेला, तर तो पुष्कळदा उघडतच नाही. ‘जीएलआयबीसी २.३४’ (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) सापडत नाही, अशी तक्रार करून बंद पडतो. मेमरी मागणं, फाइल वाचणं, अक्षरं रेखाटणं ही कामं त्यानं सामायिक लायब्रऱ्यांवर, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा तयार कोडच्या फाइलींवर, सोपवलेली असतात आणि त्या तो सुरू होताना समोरच्या संगणकावर शोधतो.

स्टॅटिक लिंकिंगमध्ये लागणारा सगळा कोड बिल्डच्या वेळीच फाइलीत भरला जातो. मग उरतो फक्त कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि जुने सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं कर्नेलकडे करायच्या मागण्या) चालू ठेवण्याबाबत लिनक्स कर्नेल फार काटेकोर आहे. म्हणूनच मसल या छोट्या सी लायब्ररीवर बांधलेली कमांड लाइनची साधनं त्याच प्रकारच्या प्रोसेसरच्या कुठल्याही लिनक्सवर नेली तरी बहुधा चालतात.

डेस्कटॉप ॲपचं काय? अडचण विंडो उघडण्यात असेल असं वाटतं, पण ती तिथे नाही. एक्स११ काय किंवा वेलँड काय (लिनक्सवर विंडो दाखवण्याच्या या दोन पद्धती), ॲप आणि पडद्यावर विंडो मांडणारा डिस्प्ले सर्व्हर सॉकेटवरून संदेशांची देवाणघेवाण करतात. तो कोड सहज फाइलीत मावतो.

घोडं अडतं ओपनजीएलपाशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या प्रमाणित पद्धतीपाशी. ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक भाग कर्नेलमध्ये असतो. दुसरा, शेडरचं (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) कार्डाच्या भाषेत रूपांतर करणारा, सामायिक लायब्ररी म्हणून डिस्कवर असतो. कार्ड बदललं की तोही बदलतो, त्यामुळे तो ऐन वेळी लोड करावा लागतो. पूर्ण स्टॅटिक प्रोग्रामात अशा लायब्रऱ्या चालताना जोडणारा लोडरच नसतो; मसलमध्ये अशी मागणी सरळ नाकारली जाते. बरं, कसंबसं लोड केलंच, तर ड्रायव्हर स्वतःची सी लायब्ररी सोबत ओढून आणतो. एकाच प्रोसेसमध्ये दोन सी लायब्रऱ्या, दोघींचा मेमरीचा आणि थ्रेडचा हिशोब वेगळा! हे टिकत नाही.

साध्या फॉर्म-बटणांच्या ॲपनं पिक्सेल सीपीयूवरच रंगवून शेअर्ड मेमरीतून पाठवावेत, वेग पुरतो. बाकीच्यांनी सी लायब्ररी आणि ड्रायव्हर डायनॅमिक (चालताना जोडले जाणारे) ठेवून उरलेलं स्टॅटिक करावं, आणि बिल्ड मुद्दाम जुन्या लिनक्सवर करावं. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण पूर्ण स्टॅटिकचा हट्ट धरला तरी फॉन्ट बहुधा यजमान संगणकाचेच वापरावे लागतात.

स्टॅटिकमुळे आणखी एक जबाबदारी अंगावर येते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा ते बुजवायला सामायिक लायब्ररी अपडेट करून प्रोग्राम पुन्हा सुरू केले की भागत होतं. फाइलीत भरलेली प्रत मात्र ॲप बनवणाऱ्यालाच नव्यानं बिल्ड करून द्यावी लागते.