विज्ञान शिक्षक-प्रशिक्षणातील पदवीधर प्रवेश (नाशिक)

निरनिराळ्या शाखांच्या पदवीधरांना बी.एड.च्या मार्गाने शालेय विज्ञान शिकवण्यासाठी तयार करण्याची पद्धत. नाशिकमध्ये ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न अध्यापक महाविद्यालयांत चालते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) बी.एड. मात्र सेवेतील शिक्षकांसाठी आहे.

उगम : मुंबई इलाख्यातील पदवीधर शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात सामान्यतः मुंबईच्या सेकंडरी ट्रेनिंग कॉलेजपासून (१९०६) धरतात. विज्ञान शिक्षक वेगळा घडवण्याचा प्रयत्न केव्हा सुरू झाला, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते कुरुक्षेत्र येथील चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (सुमारे १९६०) हा आरंभ होय. इतर जण अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांना (सुमारे १९६३) तो मान देतात. विज्ञानापुरते पाहिल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि दोन्हींकडील चार वर्षांचे अभ्यासक्रम शालान्त विद्यार्थ्यांसाठी होते. आधीच पदवी घेतलेल्यांचा प्रश्न त्यांत येत नाही. महाराष्ट्रापुरता त्याचा धागा कोठारी आयोगाशी (१९६४–६६) जुळतो. आयोगाने पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. राज्यात दहा वर्षांच्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि बी.एस्सी. झालेल्या शिक्षकाची गरज प्रत्येक माध्यमिक शाळेला भासू लागली.

पात्रता : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. अभियांत्रिकी पदवीधराला ५५ टक्के लागतात, तेही ‘विज्ञान व गणितातील विशेषीकरणासह’. यंत्र किंवा स्थापत्य शाखेच्या पदवीला हे वर्णन कसे लावायचे, हे विनियमाच्या शब्दांवरून उलगडत नाही. प्रवेश राज्याच्या सीईटीतून (सामाईक प्रवेश परीक्षेतून) होतो.

अध्यापन पद्धती : ‘मेथड’ (बी.एड.ला घ्यायचा अध्यापन पद्धतीचा विषय) विज्ञानाची एकच, पदव्या मात्र अनेक. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या पहिल्या भागात भौतिकी-रसायनाचा भर आहे, दुसऱ्यात जीवशास्त्राचा, शाळेत बहुधा दोन्ही एकाच शिक्षकाकडे असतात. त्यामुळे वनस्पतिशास्त्राची छात्राध्यापिका ओहमच्या नियमाच्या पाठाला अ‍ॅमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर समांतर जोडण्याची तालीम आदल्या दिवशी करून ठेवते. अभियंत्याची पंचाईत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवायच्या कांद्याच्या पापुद्र्यापाशी होते : कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) तिरकी टेकवून हळू सोडली नाही तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुले त्यांनाच पेशी समजतात. (लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची तरी वानवा नाही.) सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे अशी कौशल्ये सुटी घोटवली जातात, आशयातील ही उणीव त्याने भरत नाही. ती सराव पाठांच्या टाचणावर मार्गदर्शकाने मारलेल्या लाल रेघांतून आणि छात्रसेवाकालात (शाळेत राहून शिकवण्याच्या काळात) भरते. भिन्न शाखांचे छात्राध्यापक जोडीने पाठ तयार करतात तेथे काम हलके होते; शाखानिहाय गट पाडण्यापेक्षा ही रीत बरी.

नेमणूक : सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर (१५० गुण, पैकी गणित-विज्ञान ६०) उत्तीर्ण व्हावा लागतो, शिवाय अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टल (राज्याचे शिक्षक भरतीचे संकेतस्थळ). निवड झालेला उमेदवार आधी तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. २०२३ पासून माध्यमिकला त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये आहे (पूर्वी ८,०००). सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाऊ शकणारा रसायनशास्त्राचा पदवीधर इकडे सहजी का वळत नाही, याचे एक कारण या आकड्यांत सापडते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असून त्यांची भरती वेगळी होते. विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे.