खेळगल्ली

खेळगल्ली : वस्तीतली एखादी गल्ली ठरलेल्या वारी दोन-तीन तास गाड्यांना बंद करून मुलांना खेळायला मोकळी सोडण्याची पद्धत. इंग्लंड-अमेरिकेत तिला ‘प्ले स्ट्रीट’ म्हणतात. मराठीत नेमका शब्द रुळलेला नाही. अर्जात ‘खेळासाठी रस्ताबंदी’ असे लिहिले तर अधिकाऱ्यांना लगेच कळते, पण ‘बंद’ म्हटले की कोपऱ्यावरचा दुकानदार दचकतो, म्हणून या नोंदीत खेळगल्ली.

गल्लीत खेळणे आपल्याकडे कुणी शोधून काढलेले नाही. साताऱ्याच्या पेठांत काय किंवा सांगलीच्या गावभागात काय, विटा रचून केलेले स्टंप, लगोरीच्या फरशा, डबा ऐसपैसचा चेपलेला डबा, खडूने आखलेली ठिक्कर हे सगळे रस्त्यावरच झाले. ‘गाडी आली रे’ अशी हाक उठायची, विटा बाजूला व्हायच्या, गाडी गेली की डाव पुढे. दोन गाड्यांमधल्या फटीत हा खेळ चालायचा. फटी कमी झाल्या आणि उरलेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाक्या उभ्या राहिल्या. खेळगल्लीत एवढाच बदल होतो की गाडीवर नजर ठेवायचे काम मुलांकडून मोठ्यांकडे येते.

न्यूयॉर्कमध्ये 1914 साली पोलिसांच्या पुढाकाराने काही रस्ते मुलांसाठी बंद होऊ लागले. ब्रिटनमध्ये रस्त्यावर खेळल्याबद्दल मुलांवर खटले भरले जात. तिथे 1938 साली खास कायदा होऊन स्थानिक संस्थांना असे रस्ते ठरवण्याचा अधिकार मिळाला. 1963 पर्यंत इंग्लंडमध्ये असे साडेसातशेच्या आसपास रस्ते होते. पुढे मोटारी वाढल्या आणि ते विसरले गेले. 2009 साली ब्रिस्टलमधल्या दोन आयांनी आपलाच रस्ता एका दुपारी बंद केला आणि कल्पना पुन्हा चालू लागली. भारतात गुरुग्रामला नोव्हेंबर 2013 मध्ये सुरू झालेल्या राहगिरीचे नाव या संदर्भात घेतले जाते, पण ती वेगळी चीज आहे. तिथे मोठा रस्ता बंद होतो आणि शहरभरातून लोक येतात. खेळगल्लीत मूल आपल्या उंबऱ्यातून उतरते आणि तहान लागली की घरात जाऊन पाणी पिऊन येते.

महाराष्ट्रात खेळगल्लीसाठी वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय पाहून एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. मनाई महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. रविवारचे दोन तास मागणाऱ्या गल्लीला ही सवलत कामाची आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी पोलीस आयुक्तालय नसल्याने विषय पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतो, म्हणून अर्ज वाहतूक शाखेकडे द्यावा. रस्ता साताऱ्यात नगरपरिषदेचा, सांगलीत महापालिकेचा. त्यांचे ना हरकत पत्रही सोबत असलेले बरे. अर्जाला गल्लीचा हाती काढलेला नकाशा, वेळ, पर्यायी रस्ता आणि घरटी एक सही जोडावी. सह्या गोळा करताना निम्मे काम होते, कारण तेव्हाच कळते की कुणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे आणि कुणाचा टेम्पो रविवारीच माल उतरवतो.

खरा घोळ गल्ली निवडताना होतो. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारे राजपथ आणि कर्मवीर पथ हे मोठे रस्ते सोडाच. त्यांना जोडणाऱ्या बोळांतूनही दुचाक्या जवळची वाट म्हणून सुसाट जातात. असा बोळ बंद केला की तीच वर्दळ शेजारच्या बोळात शिरते आणि तिथली मुले आणखी अडचणीत येतात. त्यापेक्षा पुढे कुठेच न जाणारी किंवा वळसा घेऊन त्याच रस्त्याला येणारी गल्ली चांगली. उताराचा प्रश्न उरतोच. चेंडू सुटला की थेट खालच्या चौकात, आणि त्याच्यामागे मूल. म्हणून उताराच्या खालच्या तोंडाशी नुसता अडथळा पुरत नाही. तिथे एक आडवी फळी आणि एक चपळ माणूस लागतो. तीव्र उतारावर क्रिकेट न खेळता ठिक्कर, लंगडी खेळावी, हे मुलांना आपोआप उमगते. सांगली कृष्णाकाठची, सपाट. तिथे चेंडूची चिंता नाही. पण सपाट सरळ रस्त्यावर गाडीचा वेग चढतो. ताशी 32 किलोमीटर वेगाने येणारी मोटार थांबायला सुमारे 12 मीटर घेते, 48 ला तेच अंतर 23 मीटर होते. गल्लीच्या तोंडाशी आडवा माणूस दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. फलक त्याच्या बराच आधी हवा.

अडथळा कशाचा, यावर वाद होतात. दोरी बांधू नये, हे मात्र ठाम. दुचाकीस्वाराला दोरी दिसत नाही आणि ती नेमकी गळ्याच्या उंचीवर येते. बाकडी, पिंप, शेजारच्या मंडळाची लाकडी चौकट, यांपैकी काहीही चालते. दोन माणसांना अर्ध्या मिनिटात उचलता आले म्हणजे झाले. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब कधीही आत येऊ शकला पाहिजे. दोन्ही तोंडांना एकेक मोठा माणूस शिट्टी घेऊन उभा राहतो. गल्लीतल्या रहिवाशाची गाडी अडवायची नसते. शिट्टी झाली की मुले कडेला होतात आणि तो माणूस गाडीपुढे चालत तिला दारापर्यंत सोडतो. ब्रिस्टलचीही हीच रीत आहे, आणि वाद मिटवायला याहून चांगला उपाय दिसत नाही. घंटागाडीची आणि नळाला पाणी यायची वेळ टाळावी. आदल्या रात्री उभ्या गाड्या बाजूच्या गल्लीत हलवल्या तर जागा दुप्पट होते, पण ही अट केली तर सह्या निम्म्या होतात.

परवानगी मिळाली म्हणजे जबाबदारी पोलिसांवर गेली, असा गैरसमज आढळतो. बंदीने गाड्या थांबतात. गुडघे फुटायचे ते फुटतातच, आणि लहान पोरांवर लक्ष घरच्यांनीच ठेवायचे असते.

रस्ता बंद करणे या दोन शहरांना शिकवावे लागत नाही. गणपतीत मंडप उभे राहतात, सांगलीत संस्थानच्या गणपतीचे पाचव्या दिवशी विसर्जन निघाले की शहराची वाहतूक वळते, साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉनच्या सकाळी यवतेश्वर घाटाकडचा रस्ता धावणाऱ्यांचा होतो. लग्नाच्या मांडवाला तर कुणी हरकतही घेत नाही. या सगळ्यांत रस्ता दुसऱ्या कशाने तरी भरतो. खेळगल्लीत तो रिकामा ठेवायचा असतो, आणि हीच गोष्ट मोठ्यांना जमत नाही. दुसऱ्याच रविवारी कुणीतरी खुर्च्या मांडतो, तिसऱ्याला शुभेच्छांचा फ्लेक्स लागतो, चौथ्याला ध्वनिवर्धक येतो (त्याला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वेगळी परवानगी लागते) आणि मग ‘आयोजित स्पर्धां’त उंच पोरे खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात. मुली तर पहिल्यांदा कडेला जातात. क्रिकेट सगळी गल्ली व्यापते, म्हणून काही ठिकाणी पहिला तास बिनचेंडूचा ठेवतात. त्यात सायकल, दोरीच्या उड्या आणि ठिक्कर चालते. कुणी काही शिकवायचे नाही, बक्षीस द्यायचे नाही, एवढा नियम लेखी करून घेतलेला बरा.

साताऱ्यात जून ते सप्टेंबर ही योजना पावसापुढे टिकत नाही. परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंतचा काळ उत्तम, पण तेव्हा दुपारी डांबर तापते; सकाळी सात ते नऊ किंवा उन्हे उतरल्यावरची वेळ घ्यावी. वेळ संपायच्या पाच मिनिटे आधी शिट्टी वाजते, खडूच्या रेघा तशाच राहतात, आधी मुले कडेला येतात आणि मगच बाकडी उचलतात.