सातबारा आणि रेषेच्या टोकावरचे आकडे

एखाद्या कार्यालयाचे कामकाज संगणकावर आणायचे ठरले की प्रोग्राम लिहिण्याआधी बिझनेस अ‍ॅनालिस्ट चौकोन आणि रेषा काढतो. चौकोन म्हणजे क्लास, अर्थात ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टींचा एकेक प्रकार, आणि रेषा म्हणजे त्यांच्यातले संबंध. रेषेच्या दोन्ही टोकांना १, ०..१, १..*, ०..* असे बारीक आकडे असतात. त्यांना मल्टिप्लिसिटी म्हणतात. चौकोनांना नावे कोणती द्यावीत यावर बैठकाच्या बैठका होतात आणि हे आकडे मात्र उठता उठता भरले जातात. माझ्या मते कार्यालयाचे निम्मे नियम त्या आकड्यांतच असतात.

ही खूणपद्धती यूएमएल या आरेखन-भाषेची आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या कामातून ती घडली आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने तिला मानक म्हणून स्वीकारले. दोन टिंबांच्या डावीकडे किमान संख्या, उजवीकडे कमाल, आणि चांदणी म्हणजे वर मर्यादा नाही. वाचताना एका बाजूची एकच वस्तू मनात धरायची आणि आकडा पलीकडच्या टोकाचा वाचायचा. नवशिक्यांची गल्लत बहुतेक इथेच होते.

उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील गावचे जमिनीचे दप्तर घेऊ, कारण सातबारा पाहिला नाही असे शेतकरी घर सापडणे कठीण. गाव आणि गट, म्हणजे क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा, यांचा संबंध सोपा आहे : गट एकाच गावाचा, गावात गट अनेक. खरी गुंतागुंत गट आणि खाते, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या किंवा करणाऱ्यांच्या नावाची नोंद, यांच्यात आहे. समजा, एका गटाचे क्षेत्र २ हेक्टर ४० आर आहे आणि त्यात तीन खात्यांचे प्रत्येकी ८० आर आहेत. त्यांपैकी एका खात्याची जमीन गावातल्या आणखी दोन गटांतही आहे, आणि ती सगळी एकत्र आठ-अ च्या उताऱ्यावर दिसते. म्हणजे रेषेच्या दोन्ही टोकांना ‘अनेक’ आले. मग ते ८० आर लिहायचे कुठे? गटाच्या चौकोनात लिहावे, तर गटात तीन खाती आहेत. खात्याच्या चौकोनात लिहावे, तर खात्याचे तीन गट आहेत. हा आकडा त्या दोघांमधल्या रेषेचाच आहे, म्हणून त्या रेषेला तुटक रेषेने जोडलेला स्वतंत्र चौकोन द्यावा लागतो, ज्याला असोसिएशन क्लास म्हणतात. तिन्ही खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी भरली पाहिजे, हा नियम मात्र मल्टिप्लिसिटीत मावत नाही. तो आकृतीशेजारी वेगळा लिहावा लागतो, आणि तो न लिहिल्यास संगणक मेळ न बसणारा सातबाराही मुकाट्याने छापून देतो.

खाते आणि व्यक्ती यांच्या रेषेवर नवखा माणूस दोन्हीकडे १ लिहून मोकळा होतो. परंतु सामाईक खात्यात भाऊ, बहिणी आणि आई अशी अनेक नावे असतात, आणि त्यांतल्याच एका भावाचे त्याच गावात स्वतःचे वेगळे खातेही असू शकते. तेव्हा खात्याला व्यक्ती १..*, व्यक्तीला खाती ०..*.

कमाल किती, हे सगळेच विचारतात. किमान किती, हे विचारायचे राहून जाते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा चढतो. एका गटावर बोजे अनेक असू शकतात, म्हणून कोणी १..* लिहिले तर कर्ज नसलेल्या शेतकऱ्याची नोंद प्रणाली स्वीकारणारच नाही. तिथे ०..* हवे. उलट बाजूने पाहिले तर एकच कर्ज अनेक गटांवर चढलेले असते. परंतु एकाही गटावर नसलेला बोजा या दप्तरात संभवत नाही, म्हणून तिकडे १..* बरोबर ठरते.

शून्याचा हाच प्रश्न मालकीच्या बाजूने विचारून पाहावा : एकही धारक नाही असा गट असू शकतो का? जाणकार तलाठी सांगेल की नाही, कोणी नसेल तर सरकार असते. या एका उत्तराने आकृती बदलते. सरकार, देवस्थान, सहकारी संस्था यांपैकी कोणीही व्यक्ती नव्हे; परंतु धारकाच्या रकान्यात या सगळ्यांना जागा हवी. म्हणजे ‘व्यक्ती’ हा चौकोनच अपुरा होता आणि त्याच्या वर ‘धारक’ असा व्यापक चौकोन हवा होता.

नमुन्यादाखल आणलेल्या दहा उताऱ्यांवर चारपेक्षा जास्त नावे दिसली नाहीत, म्हणून १..४ लिहिणे हाही एक नेहमीचा प्रकार. दिसते ती संख्या आणि चालते ती संख्या यांत फरक आहे. मल्टिप्लिसिटी दुसरी सांगते.

उरतो काळ. आकृतीतले आकडे कोणत्या क्षणाचे आहेत, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. खातेदार वारला तरी वारसांचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मंजूर होईपर्यंत त्याचे नाव उताऱ्यावर राहते आणि त्यानंतरही ते पुसले जात नाही. पूर्वी अशा नावाला कंस करीत. २०२० मध्ये सुधारलेल्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते. त्यामुळे ‘आज किती धारक’ आणि ‘आजवर किती धारक’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कागदावर असतात, आणि प्रणालीला दोन्ही द्यावी लागणार असतील तर गट आणि खाते यांच्यामधल्या त्या चौकोनाला फेरफाराशी दोन रेषांनी जोडावे लागते. नोंद ज्या फेरफाराने लागली त्या रेषेच्या फेरफाराकडील टोकाला १, आणि ज्या फेरफाराने ती कमी झाली त्या रेषेच्या त्याच टोकाला ०..१; त्यातले शून्य म्हणजे नोंद अजून चालू आहे.