केबल ट्रेची भरणमर्यादा

ठरावीक रुंदीच्या ट्रेमध्ये (केबल वाहून नेणाऱ्या लांब पन्हळीत) किती केबल टाकता येतात, याचा नियम. मर्यादा केबलच्या जाडीप्रमाणे बदलते आणि तिच्या मुळाशी उष्णता आहे. भार घेतलेली केबल तापते. पीव्हीसीचे विद्युतरोधक आवरण असलेली कायम ७० अंश सेल्सिअसपर्यंत, एक्सएलपीईची (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनची) ९० पर्यंत चालते. केबलवर केबल चढली की मधलीची उष्णता कोंडते.

जाडीनुसार नेमके तक्ते अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, कलम ३९२ मध्ये आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या संहितेचे नावही तेच असल्याने ‘कोडप्रमाणे करा’ एवढ्याने भागत नाही. कुठला कोड ते विचारावे लागते. आपल्याकडे भर वेगळ्या गोष्टीवर असतो : शेजारी किती केबल आणि थर किती, ते पाहून प्रत्येक केबलचा विद्युतप्रवाह कमी धरतात.

अमेरिकी नियमात सीमारेषा ४/० ही (अमेरिकी तारमापातला आकार), म्हणजे आतल्या प्रत्येक वाहक गाभ्याचा छेद सुमारे १०७ चौरस मिमी. शिडीच्या किंवा जाळीदार ट्रेमध्ये (२,००० व्होल्टपर्यंतच्या बहुगाभा केबल) याहून लहान नसलेल्या केबल एकाच थरात टाकायच्या. त्यांच्या व्यासांची बेरीज ट्रेच्या रुंदीत बसली पाहिजे. बाहेरून ६० मिमी भरणाऱ्या केबल ३०० मिमी ट्रेमध्ये पाचच. लहान केबलांना थरांचे बंधन नाही, मात्र ३०० मिमी ट्रेमध्ये त्यांच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ ९,००० चौरस मिमीपर्यंत : २० मिमी व्यासाच्या २८. ९,००० ला ३०० ने भागले की ३० येतात, म्हणजे सरासरी ३० मिमी उंचीचा थर. त्यामुळे बाजूचा पत्रा ५० ऐवजी १०० मिमी उंचीचा घेतला तरी एकही केबल वाढत नाही. ‘वर जागा आहे ना’ हे साइटवरचे नेहमीचे वाक्य इथेच फसते.

दोन्ही प्रकार एकत्र असतील तर जाड केबलांवर काही ठेवायचे नाही. ६० मिमीच्या तीन टाकल्या तर १२० मिमी पट्टा उरतो. गुणिले ३० म्हणजे ३,६०० चौरस मिमी, त्यात २० मिमीच्या अकरा.

गोव्यात प्रश्न झाकणाचा. वेर्णे किंवा कुंडईच्या वसाहतीत शेडबाहेरचा ट्रे पावसासाठी सलग पत्र्याने झाकतात. असे बिनछिद्री झाकण १.८ मीटरपेक्षा लांब असेल, तर अमेरिकी नियमाने अनुज्ञेय प्रवाह ९५ टक्केच धरायचा. तळही बंद असेल तर जाड केबलांना रुंदीचे ९० टक्केच मिळतात. शिवाय तिथे पाणी साचते. खाऱ्या हवेत पातळ जस्ताचा मुलामा टिकत नाही, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेली) शिडी बरी.

निव्वळ कंट्रोल केबलांना (यंत्रांना संकेत पोचवणाऱ्या) सवलत आहे, कारण त्या फारशा तापत नाहीत : जाळीदार ट्रेच्या आतल्या छेदाचे ५० टक्के, बंद तळाच्या ट्रेमध्ये ४०.