पावणेतीन ग्रॅमचा आरसा

मोठी दुर्बीण म्हटली की बेळगाव-खानापूरकडची मुलं हमखास विचारतात, "तिचं भिंग केवढं असतं?" भिंग नसतंच, आरसा असतो. आणि मोबाईलवर '६७५ पट मोठं दाखवणारी' अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर पैसे घालवू नका. दुर्बिणीची ताकद ती किती प्रकाश गोळा करते यावर ठरते.

नैनितालजवळ देवस्थळला, सुमारे २,४५० मीटर उंचीवर, ३.६ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २०१६ पासून आहे. आरशाची काच साडेसोळा सेंटिमीटर जाड, वजन चार टनांवर. पण नुसती काच जेमतेम चार-पाच टक्के प्रकाश परतवते. तिचं काम आकार धरून ठेवायचं. बाकी सगळं करतो तो वरचा ॲल्युमिनियमचा थर, जाडी साधारण १०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). हिशेब करून बघा: क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, गुणिले जाडी, म्हणजे एक घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन २.७ ग्रॅम. सगळा धातू मिळून पावणेतीन ग्रॅम!

धूळ आणि दव यांनी हा थर मंदावतो, अधूनमधून नवा द्यावा लागतो. एवढी काच दरवेळी घाट उतरवणं धोक्याचं, म्हणून थर देणारा संच डोंगरावरच, दुर्बिणीशेजारी असतो. देवस्थळचा संच बेंगळुरूत बनलेला आहे.

जुना थर कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाने विरघळवता येतो. बेळगावजवळ यमनापूरच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइट या खनिजातून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वेगळा करतात तोही कॉस्टिकनेच. ॲल्युमिनियम आणि त्याचं ऑक्साइड, दोन्ही कॉस्टिकसारख्या अल्कलीत विरघळतात. काचेला मात्र तेवढ्या वेळात धक्का लागत नाही. मग शुद्ध पाण्याने धुवायचं आणि एकही थेंब जागेवर वाळू द्यायचा नाही. वाळला, तर डाग नव्या थराखाली कायमचा.

खरी परीक्षा निर्वात टाकीत. हवेचा दाब वातावरणाच्या अब्जांशाच्या आसपास उतरवतात. मग थोडा आर्गॉन वायू सोडून विजेने त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करतात. ते ॲल्युमिनियमच्या पाटीवर आदळतात आणि सुटलेले अणू आरशावर बसतात. आरसा सावकाश फिरत राहतो, नाहीतर थर एकीकडे जाड, एकीकडे पातळ. टाकीत पाण्याची वाफ उरली असेल तर? एवढ्या विरळ हवेतही काही सेकंदांत पृष्ठभागावर आदळणारे रेणू एका रेणूच्या जाडीचा अख्खा थर भरेल इतके असतात. वाढत्या धातूत ऑक्सिजन मिसळतो आणि आरसा दुधाळ दिसतो. म्हणून टाकी आधी नीट सुकवायची, गळती शोधायची आणि थर झटपट द्यायचा.

बाहेर काढल्यावर हवेतला ऑक्सिजन वरच्या दोन-तीन नॅनोमीटरचं ऑक्साइड करतो. ते पारदर्शक असतं आणि खालच्या धातूला राखतं. चांदी जास्त प्रकाश परतवते, पण हवेतल्या गंधकाने काळवंडते.

शेवटी परावर्तन मोजतात. नव्या थराचं नव्वद टक्क्यांच्या जवळपास यायला हवं. सोबत ठेवलेल्या नमुन्याच्या काचेवर चिकटपट्टी लावून ओढतात. पट्टीबरोबर थर निघाला, तर ठिगळ लावून भागत नाही: पुन्हा कॉस्टिक, पुन्हा पाणी, पुन्हा टाकी.