'परवानगी नाही' असं नेमकं म्हणालं कोण?

लातूरच्या एखाद्या वखारीत सोयाबीन उतरलं आणि पावती ऑनलाइन निघाली. 50 पोत्यांच्या जागी 500 पडलंय, म्हणून गोदामपाल दुरुस्तीला बसतो. स्क्रीन सांगते: 'आपल्याला परवानगी नाही'. म्हणालं कोण? पावत्या एका सर्व्हरवर, कर्मचाऱ्यांची यादी दुसऱ्या, नियम तिसऱ्याच गावी!

कामं अशी वाटली गेली की त्यांना नावं द्यावीच लागतात. विनंती रोखून धरणारा आणि आलेला निकाल अमलात आणणारा तो पीईपी (पॉलिसी एन्फोर्समेंट पॉइंट). तो स्वतः काहीच ठरवत नाही, ठरवतो पीडीपी (पॉलिसी डिसिजन पॉइंट). ही दोन्ही नावं जानेवारी 2000 च्या आरएफसी 2753 या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात आहेत. तिथला प्रश्न मात्र नेटवर्कची क्षमता कुणाच्या वाट्याला द्यायची, हा होता. पुढे 2003 साली ओएसिस संस्थेने एक्सॅकएमएल हे परवानगीचे नियम लिहिण्याचं मानक मंजूर केलं. त्यात नियम तयार होतात ते पीएपी (पॉलिसी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पॉइंट) आणि माहिती पुरवणारा पीआयपी (पॉलिसी इन्फर्मेशन पॉइंट) हेही आहेत. गोदामपालाची उदगीरला बदली झाली का, हे पीडीपीला कळतं ते पीआयपीकडून. चारही नावं इतकी सारखी, की बारशाला आत्याला बोलावलंच नसावं.

खरी गंमत निकालात आहे. तो 'हो' किंवा 'नाही' एवढाच नसतो. 'एकही नियम लागू होत नाही' हा तिसरा निकाल आणि 'ठरवता येत नाही' हा चौथा. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, पीआयपी गप्प झाला, की हा चौथा हजर. आपल्याकडे तो काही दुर्मीळ पाहुणा नाही.

अशा वेळी पीईपीने काय करायचं? स्पष्ट 'हो' आल्याशिवाय सोडायचं नाही, ही एक रीत. स्पष्ट 'नाही' आल्याशिवाय अडवायचं नाही, ही दुसरी. एक्सॅकएमएल दोन्ही सांगतं, निवड आपली. माझ्या मते पावतीच्या दुरुस्तीला पहिलीच हवी. बाजारभाव नुसता बघायचा असेल तर दुसरी चालून जाईल.

मात्र अडवताना कारण वेगळं दाखवायला हवं, आणि बहुतेक सॉफ्टवेअर तिथेच आळस करतात. केबल तुटल्याने आलेलं 'परवानगी नाही' वाचून गोदामपाल साहेबांकडे अधिकार मागायला जातो. तिसऱ्या खेपेला साहेब वैतागतात आणि त्याला सगळेच अधिकार देऊन मोकळे होतात.