सीट टोचते? आधी खालची दांडी बघू

दुकानात कुणी जेलची गादी मागायला आलं की आम्ही आधी सायकल आत घ्यायला सांगतो. गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलं की बूड दुखतं, ही तक्रार खरी असते. पण बऱ्याचदा गादीचा त्यात काही दोष नसतो. तिच्याखालची दांडी, म्हणजे सीटपोस्ट, चुकीच्या उंचीवर बसवलेली असते, नाहीतर सीट पुढे-मागे भलतीकडेच सरकलेली असते. ते जुळवायला दहा मिनिटं लागतात आणि गादीचे पैसे वाचतात. आमचा गल्ला तेवढा हलका राहतो, चालायचंच.

उंची घरी बघता येते. सायकल भिंतीला टेकवून बसा, एक पॅडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. जास्त वर असेल तर मागची शीर ओढते आणि चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलते. मागून येणाऱ्या मित्राला बघायला सांगा, त्याला लगेच कळेल. बदल एका वेळी ५ मिलिमीटरच करा, आणि आधीच्या जागी दांडीला चिकटपट्टीचा वेढा द्या. नाहीतर ‘पहिलं बरं होतं’ म्हणताना पहिलं कुठे होतं हेच सापडत नाही.

दांडी वर घेताना तिच्यावर कोरलेली कमाल मर्यादेची रेष फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडी लांब घ्या. ३५० आणि ४०० मिलिमीटरच्या सहज मिळतात. उंच पोरं धाकट्या मापाची सायकल घेतात, दांडी शेवटच्या टोकापर्यंत उपसतात आणि मग फ्रेमला जोडापाशी तडा जातो. दांडी पाचशे-हजारात येते, फ्रेम येत नाही.

आता जाडी. इथे अंदाजाला जागा नाही. दांडी काढून खालच्या टोकाजवळ बघा, आकडा ठोकलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६ वगैरे. साध्या सायकलींना २५.४ पण येते. २७.२ च्या फ्रेममध्ये २७ ची दांडी आरामात जाते, दांडी फ्रेममध्ये घट्ट धरणारा क्लँपही आवळला जातो, आणि त्र्यंबक रोडला लागेपर्यंत सीट बोटभर खाली आलेली असते. मग लोक कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालतात. वेळ मारून न्यायला ठीक, पण कायमचं नको. आकडा पुसला असेल तर आणा, व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

सीट जिथे बसते त्या डोक्यात दोन प्रकार आहेत. एकात डोकं दांडीच्या सरळ रेषेत असतं, दुसऱ्यात थोडं मागे कललेलं. कोणतं घ्यायचं ते मांडीच्या लांबीवर ठरतं. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढू नका. त्यासाठी हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलतात. डोक्याला दोन बोल्ट असतील तर सीटचं नाक अगदी बारीक अंतराने वर-खाली करता येतं. एका बोल्टच्या स्वस्त डोक्यात दातरे असतात, त्यामुळे सीट एका दातावर नाक वर करते आणि पुढच्या दातावर पार घसरगुंडी. लांबचं चालवणाऱ्यांनी, विशेषतः पंढरपूरच्या सायकल वारीला निघणाऱ्यांनी, दोन बोल्टचीच घ्यावी.

स्प्रिंगच्या दांडीबद्दल रोज विचारणा होते. रस्त्याचे खड्डे बघता ते साहजिक आहे. पण आधी टायरची हवा थोडी कमी करून बघा, टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाता. टायर रुंद असेल तर फरक लगेच जाणवतो आणि खर्च शून्य. तरी पाठीला धक्के बसत असतील, तर स्प्रिंग आपल्या वजनाला जुळणारी हवी. साठ किलोच्या माणसाला कडक स्प्रिंग दिली तर ती हलतच नाही, उगाच वजन वाहायचं. बसल्यावर ती थोडी दबते, म्हणून सीट तेवढी वर बांधावी लागते. सरळ वर-खाली होणारी स्वस्त दांडी काही महिन्यांनी आडवी खुळखुळते, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कार्बनची दांडी हलकी असते आणि रस्त्याची बारीक थरथर खाते, पण पाना मन मानेल तसा फिरवायची सवय असेल तर घेऊ नका. तिच्यावर लिहिलेल्या ताकदीनेच, बहुतेक ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायची. आणि ग्रीस नाही, खरखरीत कार्बन पेस्ट लावायची.

अॅल्युमिनियमच्या दांडीला मात्र ग्रीस हवंच. माझ्या स्वतःच्या लोखंडी फ्रेमच्या सायकलची दांडी दोन पावसाळे काढलीच नव्हती. मागच्या चाकाचं पाणी क्लँपच्या खाचेतून आत जातं, दोन धातू एकमेकांना धरतात आणि पांढरी भुकटी धरून दांडी जाम होते. तेल सोडलं, दोन दिवस ठेवलं, सीट धरून पिळली, हलली नाही. शेवटी वरून कापली आणि उरलेल्या नळीत हॅकसॉचं पातं घालून आतून उभ्या चिरा पाडल्या. दुपार गेली, बोटं सोलली. तेव्हा मे महिन्यात एकदा दांडी काढा, फडक्याने पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत परत घाला. पावसाळा संपला की पुन्हा एकदा.

माप घ्यायला येताना सायकल घेऊनच या, आणि चालवताना जे बूट घालता तेच घालून या. चपलेवर घेतलेलं माप बुटावर चुकतं.